आशा आहे, म्हणून रडायचं नाही?

पाचगणीत जुलै महिन्यात कबर खणणं सोपं नसतं. वर तांबडी माती, खाली जांभा. तो पहारीनं फोडावा लागतो आणि फुटला की त्याच्या भोकाभोकांतून पाणी झिरपायला लागतं. ह्यांच्यासाठी खणत होते तेव्हा चार माणसं खड्ड्यात होती आणि दोन माणसं बादलीनं पाणी उपसत होती. वर ताडपत्री धरलेली. पाळकसाहेब वाचत होते ते शब्द पावसाच्या आवाजात मला ऐकूच आले नाहीत. माझ्या मनात एकच चाललं होतं, ह्यांना ओलं चालत नाही. सर्दीचा कोठा. बारा महिने गाडीत जादा स्वेटर ठेवणारा माणूस, आणि आज ह्यांना आपण या पाण्यात ठेवून जाणार?

मैत्रिणींनो, तुम्हाला वाटेल, नवरा गेलाय आणि ही बाई स्वेटरचा विचार करतेय! पण जिच्यावर ही वेळ येऊन गेलीय तिला विचारा. त्या वेळी मन असंच कुठल्या तरी बारीकशा गोष्टीला धरून बसतं. मोठ्या गोष्टीकडे बघायची ताकदच नसते.

ही २०२३ च्या जुलैमधली गोष्ट. हे इथल्या एका बोर्डिंग शाळेच्या बसवर ड्रायव्हर होते, सव्वीस वर्षं. सुट्टी संपली की पुण्याहून मुलं आणायची, सुट्टी लागली की सोडायची. पसरणीचा घाट त्यांना पाठ होता. छातीत जळजळतंय असं चार दिवस म्हणत होते. ‘पित्त आहे’ म्हणून इनो घेत होते. मी म्हटलं, दाखवून या. म्हणाले, ‘रविवारी बघू.’ शुक्रवारी रात्री अडीच वाजता उठून बसले, घामानं बनियन भिजलेलं. शेजाऱ्यांनी गाडी काढली. घाटात इतकं धुकं की गाडीच्या पुढचा दगड दिसेना. वाई इथून बारा-तेरा किलोमीटर, पण आम्ही वाईला पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढचं मी फार सांगत नाही. सगळ्या घरांत ते सारखंच असतं. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल.

आमच्या मंडळीतली माणसं फार प्रेमळ. पंधरा दिवस आमच्या घरी चूल पेटू दिली नाही. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी प्रार्थनेला यायचं. पण येणारा प्रत्येक जण दारातून आत पाय टाकल्याबरोबर एकच म्हणायचा, ‘रडू नका हं ताई. ते प्रभूजवळ गेलेत.’ जरा डोळे भरून आले की कुणी तरी पाठीवर हात फिरवून, ‘धीर धरा, आपण विश्वासणारी माणसं.’ आणि एका सांत्वनाच्या प्रार्थनेला बाहेरगावचे एक उपदेशक आले होते, ते तर भर सभेत म्हणाले, की ज्यांना पुनरुत्थानाची आशा नाही त्यांनी शोक करावा, ख्रिस्ती घरात रडारड शोभत नाही. त्यांनी पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पत्रातला आधार दिला. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. मीही म्हटलं.

आणि मी रडायची थांबले. खरंच थांबले. चारचौघांत हसतमुखानं ‘प्रभूची इच्छा’ म्हणायला शिकले. बाया म्हणायच्या, ‘काय विश्वास आहे हो बाईचा!’ मग रात्री बाथरूममध्ये नळ मोठा सोडून तोंडात पदर कोंबायचा. पाचगणीत पाण्याला किती जपावं लागतं, आणि मी ते रडण्यासाठी सोडून देत होते! सहा-सात आठवडे असे गेले. झोप गेली, बीपी वाढलं, मशीनवर बसले तर उसवणीच जास्त. (मी घरी शिवणकाम करते.) सगळ्यात वाईट म्हणजे मला मनातून चोरट्यासारखं वाटायला लागलं. वाटायचं, आपला विश्वास खोटा आहे. खरा असता तर इतकं दुखलं असतं का?

सप्टेंबरमध्ये एका दुपारी मी तो पौलाचा उतारा स्वतः काढून वाचला. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय. आणि चकित झाले. पौल ‘शोक करू नका’ असं म्हणून थांबलेलाच नाही! तो म्हणतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये. अर्धं वाक्य माझ्यापर्यंत आलं होतं, उरलेलं अर्धं वाटेत गळून पडलं होतं. शोक करायचाच नाही आणि त्यांच्यासारखा करायचा नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शोक तर होणारच हे त्यानं धरूनच चाललंय. त्याला सांगायचंय ते एवढंच, की तुमच्या शोकाला तळ आहे.

मग मी वाचतच सुटले. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी, पण या बाजूनं कधी वाचल्या नव्हत्या. बेथानीचा लाजर मेला तेव्हा प्रभू येशू त्याच्या कबरेजवळ रडला, हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. संडे स्कूलमधल्या पोरालाही ते वाक्य पाठ असतं, कारण ते सगळ्यात छोटं. पण नीट विचार करा. थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं. आशा म्हणावी तर त्याच्याइतकी कुणाजवळ असणार? तरीही मरीया आणि तिच्याबरोबरची माणसं रडताना पाहून तो रडला. ‘गप्प बसा, मी आलोय ना’ असं तो म्हणाला नाही.

मोशे मेला तेव्हा इस्राएल लोकांनी तीस दिवस शोक केला. दुर्कस मेली तेव्हा यापो गावच्या विधवा रडत पेत्राभोवती गोळा झाल्या, आणि तिनं शिवलेले कपडे त्याला दाखवायला लागल्या. माझ्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल! त्या दिवशी मी कपाट उघडून ह्यांचा तो जादाचा स्वेटर काढला. मीच विणलेला, कोपरावर दोनदा रफू केलेला. तो मांडीवर घेऊन, नळ बंद ठेवून, पोटभर रडले. पलीकडच्या खोलीत मुलगी होती. ती आली, काही बोलली नाही, शेजारी बसली आणि तीही रडली. वडील गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मला त्रास होईल म्हणून! म्हणजे मी तिच्यासाठी कोरडी आणि ती माझ्यासाठी कोरडी, असे आम्ही दोन महिने काढले होते.

आणि एक नामी. रूथच्या पुस्तकातली सासू. परमुलखात नवरा गेला, मागोमाग दोन्ही मुलगे गेले. ती बेथलेहेमला परत आली तेव्हा गावच्या बाया म्हणायला लागल्या, ही नामीच का? तेव्हा ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. आणि हे कडूपण देवानं दिलंय असं ती भर वेशीत, स्वच्छ शब्दांत सांगते. तिला कुणी ‘असं बोलू नये बाई’ म्हटल्याचं लिहिलेलं नाही. देवानंही तिला शिक्षा केलेली नाही. उलट तिच्या म्हातारपणी तिच्या मांडीवर ओबेद हा नातू आला, आणि तो दावीद राजाचा आजोबा.

हे सगळं मी पाळकसाहेबांना बोलून दाखवलं. मला वाटलं, रागावतील. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘ताई, आम्हाला तुमचं रडणं बघवत नाही, म्हणून आम्ही तुम्हाला गप्प करतो. दुसरं काही नाही.’ त्यांच्या प्रामाणिकपणाचं मला फार वाटलं.

माझं माहेर नगरचं (२०२४ पासून अहिल्यानगर). तिथल्या ख्रिस्ती घरांत रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पाळण्यापासून कानावर पडतात. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आमच्या घरी होतंच. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी शाळेत त्यातला एखादा धडा वाचला असेल आणि हसला असाल. मीही तेवढंच समजत होते, की गमतीदार पुस्तक. त्या हिवाळ्यात लेकीनं वाचनालयातून आणून दिलं तेव्हा ते विधवेनं लिहिलेलं पुस्तक आहे हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

टिळक गेले ९ मे १९१९ ला, मुंबईत. त्याआधीची दोन वर्षं त्यांचं काम आपल्या साताऱ्यात चाललं होतं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी तिथं ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. आमच्यापासून सातारा घाट उतरून तास-दीड तासावर. मी किती वेळा गेलेय, पण त्या दृष्टीनं कधी पाहिलं नव्हतं. टिळक सत्तावन्न वर्षांचे होते, लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, म्हणजे पन्नाशीच्या. हे गेले तेव्हा मी एक्कावन्नची.

त्या बाईनं नवरा दोनदा गमावला असं मला वाटतं. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंना तो धर्म मान्य नव्हता. चार-पाच वर्षं नवरा जिवंत आणि संसार मात्र नाही. मग त्या नगरला आल्या, आणि पुढे १९०० मध्ये स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर जेमतेम एकोणीस वर्षं आणि पुन्हा एकट्या, या वेळी कायमच्या.

पण पुस्तकात टिळक कसे आहेत बघा! रागीट, धांदरट, हातात पैसा न टिकणारे, घरातून तडकाफडकी निघून जाणारे, कुणालाही घरी आणून ठेवणारे. आणि तेवढेच मोठ्या मनाचे. लक्ष्मीबाईंनी त्यांचा संत केलेला नाही. त्यांचा राग त्यांनी लिहिला, स्वतःचं भांडण लिहिलं, फजिती लिहिली. गेलेल्या माणसावर इतकं खरं प्रेम मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आमच्याकडे काय होतं? माणूस गेला की स्मरणसभेत तो एकदम निर्मळ होतो. ह्यांच्या सभेत एक जण म्हणाले, ‘त्यांनी कधी कुणाला उलट शब्द बोलला नाही.’ मला खाली मान घालून हसू आलं. घाटात ओव्हरटेक करणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांना हे काय काय बोलायचे ते मला माहीत! तंबाखू सोडली म्हणून मला शपथेवर सांगितलं होतं आणि बसच्या सीटखाली पुडी असायची. पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं ते मला ते गेल्यावर कळलं, मुलाच्या फीसाठी काढलेलं. मला राग आला होता, मैत्रिणींनो. खूप राग. कर्जाचा होताच, पण त्याहून ‘रविवारी बघू’चा. चार दिवस जळजळतंय आणि रविवारी बघू! आणि तो राग कुठे बोलू? गेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे पापच की.

लक्ष्मीबाईंनी मला तेवढी मुभा दिली. मी एक जुनी वही घेतली आणि ह्यांच्याबद्दल आठवेल ते लिहायला लागले, तंबाखूसकट. माझं लिहिणं कुणाला दाखवण्यासारखं नाही. पण लिहिता लिहिता जो माणूस परत आला तो माझा नवरा होता. सभेतला तो सद्गृहस्थ मला अनोळखी होता.

टिळकांनी येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. धड शाळेत न गेलेली बाई, अक्षरओळखच लग्नानंतरची! टिळकांमागे त्या जवळजवळ सतरा वर्षं जगल्या, २४ फेब्रुवारी १९३६ पर्यंत. अर्ध्यावर राहिलेला अध्याय पुढे न्यायला बसताना त्यांना काय वाटलं असेल, याचा मी खूप विचार करते. आमच्याकडे अर्धे राहिले ते पतसंस्थेचे हप्ते. ते मी पुरे करतेय. प्रत्येकीचं ख्रिस्तायन वेगळं!

इंग्रजीत सी. एस. लुईस म्हणून मोठे लेखक होते. देवावर विश्वास ठेवूनही दुःख का, यावर त्यांनी १९४० मध्येच पुस्तक लिहिलं होतं. १९६० मध्ये त्यांची बायको कॅन्सरनं गेली, आणि त्यांनी पुन्हा लिहिलं ते इतकं उघडंवाघडं की पहिल्यांदा ते टोपणनावानं छापलं. लेकीनं मला त्याचा मथितार्थ सांगितला. त्यांनाही देवाच्या दाराला आतून कडी घातल्यासारखं वाटलं होतं म्हणे. म्हणजे एवढ्या अभ्यासू माणसाची ही गत, तर बाथरूममध्ये नळ सोडणाऱ्या बाईनं स्वतःला किती दोष द्यायचा?

आता एक वेगळीच गोष्ट. मंगळसूत्राची. आमच्या मराठी ख्रिस्ती बायकांत बऱ्याच जणी काळे मणी घालतात, मधे वाटीऐवजी क्रूस. दफनाच्या दुसऱ्या दिवशी नात्यातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, ‘आता ते काढून ठेव.’ चर्चचा असा कुठलाही नियम नाही. पण आपली मुळं याच मातीतली ना, चालीरीती देवळातून निघतात आणि चर्चच्या दारातून आत येतात. आणखी गंमत बघा, आमच्यात नवरीला पांढरी साडी नेसवतात. मी माझ्या लग्नात पांढरी नेसले होते. आणि ह्याच बाई आता मला म्हणत होत्या, ‘फिकी साडी नेसत जा.’ मी म्हटलं, ‘मावशी, पांढरी मी नेसून झालेय.’ लोक बघत राहिले. मीही माझ्याकडे बघत राहिले, कारण मी इतकी तोंडाची तिखट कधीच नव्हते.

मंगळसूत्र मी तेव्हा काढलं नाही. सहा महिन्यांनी एके दिवशी आपणहून काढलं, क्रूस साध्या साखळीत ओवला. दोन्ही माझ्या मनानं.

आमच्या चाळीत सगळ्या जातिधर्माची घरं. संक्रांतीला शेजारच्या वहिनी मला दरवर्षी हळदीकुंकवाला बोलवायच्या. कुंकू मी लावत नाही हे त्यांना माहीत, पण वाण आणि तिळगूळ हक्कानं द्यायच्या. २०२४ च्या संक्रांतीला बोलावणं आलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी डबा घेऊन दारात. म्हणाल्या, ‘सासूबाई आल्यात गावाहून. मला धाडस झालं नाही. तुम्ही रागावा माझ्यावर.’ मी त्यांना आत बोलावून चहा केला. त्यांना दोष काय द्यायचा? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच आदर्श घ्यायला सांगितलं. चांगलंच झालं. पण ठराव ग्रामपंचायतीत होतो आणि धाडस स्वयंपाकघरात लागतं. २०२५ च्या संक्रांतीला वहिनींनी बोलावलं. सासूबाई होत्याच. त्यांनीच माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

शोकाच्या दिवसांत कागदपत्रंही करावी लागतात, त्याबद्दल चार शब्द लिहिते, कारण मला ते कुणी वेळेवर सांगितलं नाही. ह्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आपल्यात ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राशिवाय गेला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. मूल नसेल पण नवऱ्याचे रक्ताचे नातेवाईक असतील तर बायकोला निम्मं. मला वाटत होतं सगळं आपोआप माझ्या नावावर होतं! बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं म्हणजे मालकी झाली असंही नाही. आणि पीएफ असलेला माणूस नोकरीत असताना गेला, तर फंडाबरोबर विम्याची रक्कम आणि विधवेला पेन्शन असते. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा. तेव्हा कुणी तरी बरोबर यायला तयार असतं. पुढे प्रत्येक हेलपाटा एकटीचा असतो.

राहता प्रश्न होता तो घराचा. क्वार्टर नोकरीबरोबर जाते. शाळेनं वर्षअखेरपर्यंत मुदत दिली, त्यांनाही नवा ड्रायव्हर ठेवायचा होता. मुलगा म्हणाला, पुण्याला चल. महिनाभर राहून आले. चांगलं ठेवलं दोघांनी. पण सकाळी खिडकी उघडली की सिल्व्हर ओक दिसला नाही की मला दिवस सुरू झाल्यासारखं वाटेना. आणि खरं कारण म्हणजे ह्यांना इथं पावसात ठेवून मी पुण्याला कशी राहू? हे वेडेपण आहे. मला माहीत आहे ते तिथं नाहीत. माझा विश्वास आहे. तरीही... बाजाराच्या मागे चाळीत दोन खोल्या घेतल्या भाड्यानं. मशीन दारात ठेवलं. युनिफॉर्मची कामं मिळतात.

पाचगणी हे तसं दुःखाच्या ओळखीचं गाव आहे. पर्यटक स्ट्रॉबेरी खाऊन जातात, त्यांना ते दिसत नाही. पण क्षयावर औषध निघालं नव्हतं तेव्हा मुंबईची माणसं इथं हवेसाठी यायची, बेल एअरचं आजचं रुग्णालय म्हणजे तेव्हाचं सॅनेटोरियम. सगळेच बरे होऊन गेले नसतील. हे गाव वसवणारे जॉन चेसनसाहेबही इथंच, सेंट पीटर्स चर्चच्या आवारात झोपलेत. आता जुन्या दफनभूमीतून जाताना मी दगडांवरची नावं वाचते. अमक्याची प्रिय पत्नी, तमकीचा पती. त्या तमकीनं पुढे काय केलं असेल, हा विचार पूर्वी कधी मनात यायचा नाही.

कबरेवर दगड लगेच बसवत नाहीत. एक पावसाळा जाऊ द्यावा लागतो, माती बसते. ह्यांची दोनदा खचली, दोनदा भर घातली. २०२४ च्या दिवाळीनंतर वाईच्या पाथरवटाकडे गेले. तो म्हणाला, अक्षरामागे पैसे. मुलांनी वचन सुचवलं, पाळकसाहेबांनी दुसरं एक सुचवलं. दोन्ही चांगली होती. मी नाव, दोन तारखा आणि खाली ‘ड्रायव्हर’ एवढंच लिहून दिलं. पाथरवटानं विचारलं, ‘रेव्हरंड, मास्तर असं लिहितात लोक. ड्रायव्हर लिहू?’

मी म्हटलं, ‘लिही. सव्वीस वर्षं घाट चालवलाय.’

दगड बसला त्या दिवशी आम्ही गवत काढलं, मेणबत्ती लावली. वारा होता, टिकली नाही. नातू चार वर्षांचा, त्यानं विचारलं, ‘आजी, आबांना थंडी वाजत नाही?’ सुनेनं त्याला गप्प करायला तोंड उघडलं. मी म्हटलं, राहू दे. मग त्याला जवळ घेऊन सांगितलं, ‘मलाही तसंच वाटतं रे कधी कधी.’

परत येताना त्यानं स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली. आबांच्याच लोकरीचा आहे तो, कोपर फारच विरलं तेव्हा उसवून त्याला विणून दिला मी.